पदार्थविज्ञान आणि प्रपंच

पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक घरात असणे ही काही विशेष सोयीची गोष्ट नव्हे, याबद्दल आमच्या घरात मतभेद नाही. डॉक्टर घरात असला तर फी वाचते, वकील असला तर शेजारी जरा जपून वागतात; पण पदार्थविज्ञानवाल्याचा उपयोग काय? आमच्याकडे मिक्सर बंद पडला, की सौभाग्यवती माझ्याकडे पाहतही नाहीत. सरळ इलेक्ट्रिशियनला फोन लावतात. "अहो, तुम्ही शिकवणारे. दुरुस्त करणारे वेगळे असतात," हे त्यांचे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की आता त्यातला टोमणाही मला ऐकू येत नाही. त्या स्वतः एका पतपेढीत हिशेब तपासतात. त्यांच्या शास्त्रात शेवटी दोन्ही बाजू जुळाव्या लागतात. आमच्या शास्त्रात त्या जुळल्या नाहीत तरच खरी मजा असते, हे त्यांना पटवण्याचा नाद मी केव्हाच सोडून दिला आहे.

आमचे बिऱ्हाड बदलापूरला, पश्चिमेच्या अंगाला, उल्हास नदीपासून हाकेच्या अंतरावर. (हे 'हाकेच्या अंतरावर' घराच्या जाहिरातीत फार छान दिसते. पावसाळ्यात त्याचा अर्थ निराळा होतो. ते पुढे येईलच.) कॉलेज उल्हासनगरला. मध्ये एकच स्टेशन, अंबरनाथ. मुंबईपासून उल्हासनगर ५८ किलोमीटर, अंबरनाथ ६० आणि बदलापूर ६८. म्हणजे माझा रोजचा प्रवास उणापुरा दहा किलोमीटरांचा. ही वाट जुनी आहे. ठाण्याची आगगाडी १८५४ साली कल्याणला पोचली आणि १८५६ साली बदलापूरवरून पुढे खोपोलीपर्यंत गेली. बोरघाट फोडून पुण्याकडचे रूळ जोडले गेले ते १८६३ साली. बदलापूर हे नाव घोडे बदलण्याच्या जागेवरून पडले, असे गावातली जुनी माणसे सांगतात. आता घोडे नाहीत. पण सकाळी साडेसातला फलाटावर येऊन पाहावे, माणसांचे हाल घोड्यांपेक्षा फारसे वेगळे दिसणार नाहीत.

वर्गात मी वायूंचे नियम शिकवतो तेव्हा सांगतो, की दाब वाढला की आकारमान घटते. बदलापूर लोकलच्या डब्यात दाब वाढत जातो आणि आकारमान मात्र घटत नाही, कारण प्रवासी हा आदर्श वायू नव्हे. त्याला कोपरे असतात, पाठीवर पिशवी असते, आणि अंबरनाथला ज्याला आत शिरायचे आहे त्याला स्वतःचे ठाम मतही असते.

धाकटे चिरंजीव सातवीत आहेत. शाळा अंबरनाथला. दुपारच्या परतीच्या गाडीत आम्हा दोघांना कधीमधी खिडकी मिळते, तेव्हासाठी मी त्याला एक खेळ लावून दिला आहे. रुळांच्या कडेला विजेच्या तारांचे खांब असतात. त्यांच्यावर लहानशी पाटी असते. वर एक आकडा, खाली एक. वरचा किलोमीटरचा आणि खालचा त्या किलोमीटरातल्या खांबाचा. वरचा आकडा ६२ चा ६३ झाला, की घड्याळ सुरू करायचे, आणि ६४ दिसला की थांबवायचे. छत्तीसशेला त्या सेकंदांनी भागले, की झाला ताशी वेग. पन्नास सेकंद लागले तर ताशी ७२ किलोमीटर. अंबरनाथ-बदलापूर हा लांब पट्टा या खेळाला फार सोयीचा. आमच्या लहानपणी हेच काम कानाने व्हायचे. रुळांचे तुकडे १३ मीटरचे असत, जोडावर चाक आपटले की 'खडाड' व्हायचे. ते आवाज मोजायचे. आता रूळ वितळवून सांधतात, त्यामुळे तो ताल गेला. गाडी मुकी झाली. आरामशीर झाली, हेही खरेच.

चिरंजिवांनी पहिल्याच दिवशी माझी पद्धत बाजूला ठेवून स्वतःची काढली. दोन खांबांतले अंतर एकदा ठरवायचे आणि नुसते खांब मोजत जायचे. उत्तरे मोठी मजेदार आली. एका वळणावर तर लोकलने राजधानीलाही मागे टाकले. म्हटले, "बघ बरं, वळणावर खांब कसे दिसतात." त्याने पुढच्या खेपेला पाहिले. वळणावर खांब जवळजवळ येतात. का? तर तार बिचारी दोन खांबांमध्ये सरळच जाणार आणि रूळ मात्र वळणार. खांब लांब ठेवले तर तार गाडीच्या डोक्यावरून बाजूला सरकेल. हे त्याचे त्याने शोधले, अंबरनाथ ते बदलापूर, तीन दिवसांत. एक गोष्ट मात्र मला सांगावी लागली. पहिल्या खांबाला 'एक' म्हणायचे नाही, 'शून्य' म्हणायचे. दहा खांबांमध्ये अंतरे नऊच असतात.

ही शून्याची गोष्ट मी कॉलेजात वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. साध्या लंबकाचा प्रयोग तुमच्यापैकी पुष्कळांनी केला असेल. एक मीटर दोरा, त्याला धातूचा गोळा, वीस आंदोलनांना किती वेळ लागतो तो पाहायचा, आणि त्यावरून गुरुत्वाकर्षणाचा त्वरणांक काढायचा. वीस आंदोलनांना साधारण चाळीस सेकंद लागतात आणि उत्तर ९.८ च्या आसपास येते. आमच्या पोरांचे आसपास येत नाही, बरोब्बर ९.८ येते! सगळ्यांचे. कारण उत्तर आधी लिहून आकडे मागाहून बसवलेले असतात. एके वर्षी एक मुलगा १०.८५ उत्तर घेऊन आला. मान खाली. "सर, चुकलं." मला त्याला मिठी मारावीशी वाटली. म्हटले, पुन्हा कर, मी बघतो. त्याने गोळा सोडला आणि सोडतानाच म्हणाला, "एक." झाले! तो वीस म्हणाला तेव्हा लंबकाच्या एकोणीसच फेऱ्या झाल्या होत्या आणि घड्याळात अडतीसच सेकंद. त्या उत्तरात त्याचे स्वतःचे, प्रामाणिक मोजमाप होते, इतरांच्या ९.८ मध्ये काहीच नव्हते. तो मुलगा आज अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत मोजमापाची उपकरणे तपासून देण्याचे काम करतो. दिवाळीला त्याचा फोन येतो. अजून म्हणतो, "सर, शून्यापासून!"

उल्हासनगराविषयी बाहेरच्यांना दोन गोष्टी ठाऊक असतात: जीन्सच्या पँटी आणि 'मेड इन यूएसए'चा जुना विनोद. मला तिसरी ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धातली ही लष्करी छावणी, कल्याण कॅम्प. १९४७ नंतर सिंधमधून घरदार सोडून आलेली माणसे तिथल्या बराकींत उतरली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसून त्या छावणीचे उल्हासनगर झाले. कॅम्प एक ते कॅम्प पाच हे आकडे मात्र पत्त्यांतून अजून गेलेले नाहीत. या गावाला हाताने काही करून पाहायची भीती नाही. आमच्या प्रयोगशाळेत जे मागवायला तीन कोटेशने आणि सहा महिने लागतात, ते इथल्या गल्लीत संध्याकाळपर्यंत होते.

तिथे मोटारी आणि स्टॅबिलायझर गुंडाळून देणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. त्यांचे वडील सिंधमधून आलेले. यांचा जन्म बराकीतला. मागे आमच्या मिक्सरची मोटार घेऊन मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा थोरली बरोबर होती. गाडीत तिच्याशी विजेच्या तारांवरून बोलणे झाले होते. मुंबईत विजेवरची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला धावली, ती दीड हजार व्होल्टच्या एकदिश विजेवर. पुढे ऐंशी-नव्वद वर्षे मुंबईच्या लोकल त्याच दाबावर धावल्या. मग टप्प्याटप्प्याने बदल करत मध्य रेल्वेने २०१६ साली ते काम पुरे केले, आणि आता आपल्या डोक्यावरच्या तारेत पंचवीस हजार व्होल्टची प्रत्यावर्ती वीज आहे. हा एवढा खटाटोप कशासाठी, असे तिने विचारले होते आणि मी फळा नसताना फळ्यावरचे बोलू लागलो होतो: शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह, वगैरे. दुकानात तिने तोच प्रश्न पुन्हा काढला. म्हाताऱ्याने हातातली तांब्याची तार खाली ठेवली नाही, की मान वर केली नाही. म्हणाला, "बेटी, करंट मोटा तो तार मोटा. वोल्टेज मोटा तो तार पतला."

माझे पाऊण तासाचे व्याख्यान संपले! खरोखर इतकेच आहे ते. तेवढीच शक्ती साडेसोळापट अधिक दाबाने पाठवली, तर प्रवाह साडेसोळापट कमी पुरतो. आणि तारेत उष्णतेने वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाने बदलत असल्यामुळे, तीच तार ठेवली तर तो तोटा जवळजवळ पावणेतीनशेव्या हिश्श्यावर येतो. म्हणून तार बारीक चालते, वीज पुरवणारी उपकेंद्रेही लांबलांब असली तरी भागते. आता प्रवासात मध्येच कुठे तरी डब्यातले दिवे-पंखे क्षणभर जातात आणि गाडी तशीच पुढे जाते, तेही याच व्यवस्थेचे लक्षण. एका उपकेंद्राची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होण्यापूर्वी तारेचा थोडा तुकडा मुद्दाम मेलेला ठेवलेला असतो. धाकट्याने पहिल्यांदा विचारले होते, "बाबा, रेल्वेने बिल भरलं नाही का?" म्हटले, "नाही रे, आता आपण न्यूटनच्या पैशाने चाललो आहोत."

थोरली बारावीला आहे. घरात बारावी म्हणजे काय, हे ज्या घरांतून ती होऊन गेली आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांच्याकडे यायची आहे त्यांना आताच घाबरवण्यात अर्थ नाही. टीव्हीचा आवाज कमी, पाहुणे कमी, आणि कुणी मोठ्याने शिंकला तरी सौ. त्याच्याकडे पाहतात.

लहानपणी ही पोर प्रश्नांनी भंडावून सोडायची. २७ जुलै २०१९ ची गोष्ट. बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवासी नावांतून बाहेर काढावे लागले, तोच दिवस. आमच्या सोसायटीच्या आवारात रात्रीच पाणी चढू लागले होते. खालच्या मजल्यावरच्या मंडळींना वर घेतले, आमच्या दोन खोल्यांत अकरा माणसे झाली. एका शेजाऱ्यांना म्हटले, गाडी चढावर नेऊन लावा. ते म्हणाले, "अहो प्रोफेसर, नऊशे किलोची गाडी आहे, ती काय वाहून जाते!" सव्वीस जुलै २००५ ज्यांनी पाहिली आहे त्यांनी असे बोलू नये. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. म्हणजे दर चौरस मीटरवर ९४४ लिटर. उजाडता उजाडता आम्ही गॅलरीतून पाहिले, की ती नऊशे किलोची गाडी हळूच उचलली गेली, डौलात वळली आणि फाटकाला जाऊन टेकली.

थोरली तेव्हा सहावीत होती. सगळे हळहळत होते आणि तिने विचारले, "बाबा, एवढीशी खडी बुडते, मग एवढी मोठी गाडी कशी तरंगते?" मेणबत्तीच्या उजेडात आम्ही हिशेब केला. गाडीचा तळ सुमारे चार मीटर लांब, दीड मीटर रुंद. म्हणजे सहा चौरस मीटर. पाणी तळाला लागल्यावर दर दहा सेंटिमीटर चढण्याला सहाशे लिटर पाणी बाजूला सरते, म्हणजे सहाशे किलोचा उचलणारा जोर. पंधरा सेंटिमीटर चढले, की नऊशे किलो. तळ जमिनीपासून मुळातच वीतभर वर. म्हणजे गाडी आत भरण्याआधी ती उचलायला जेमतेम गुडघ्याएवढे पाणी पुरते. शेजारी शेजारीच बसून ऐकत होते. त्यांना त्या वेळी आर्किमिडीज फारसा रुचला नसावा. पण पुढच्या पावसाळ्यापासून ढग भरून आले की त्यांची गाडी सगळ्यांच्या आधी चढावर असते.

तीच ही मुलगी. आता ती प्रश्न विचारत नाही, सोडवते. दोन्हींत फार फरक आहे.

संध्याकाळी ती कल्याणला एका क्लासला जाते. नाव सांगण्यात अर्थ नाही, सगळे सारखेच. कॉलेजात तिचे नाव आहे, ती स्वतः क्वचित असते. आणि या बाबतीत मी कुणाला बोलणार? माझ्या स्वतःच्या वर्गात शंभरावर नावे आहेत आणि श्रावणानंतर बाकांवर दहा-बारा डोकी दिसतात. २०१८ साली सरकारने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता. यंत्राला बोट ओळखता येते. लक्ष ओळखता येत नाही. पोरांवर रागावण्यातही मला अर्थ वाटत नाही. राज्याच्या प्रवेशपरीक्षेत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे मिळून शंभर प्रश्न असतात आणि वेळ नव्वद मिनिटे. भागाकार करून पाहा, एका प्रश्नाला चौपन्न सेकंद. त्या चौपन्न सेकंदांत वाचायचे, समजायचे, सोडवायचे आणि चारांपैकी एका उत्तरावर बोट ठेवायचे. माझ्या वर्गातला एक चांगला प्रश्न नीट कळायलाच वीस मिनिटे लागतात. पोरे हिशेबी झाली आहेत. ती चौपन्न सेकंद जिथे मिळतात तिथे जातात.

एका रात्री ती म्हणाली, "बाबा, माझे पटापट घ्या." मी प्रश्न वाचू लागलो. तार ओढून लांबी दुप्पट केली, तर रोध किती होईल?

"चौपट."

"का?"

"लांबी एन पट तर रोध एन वर्ग पट. ट्रिक आहे."

"ते झालं. पण का?"

"बाबा, 'का'ला मार्क नाहीत हो. पुढचा विचारा."

मी पुढचा विचारला. बारावीच्या मुलीशी रात्री साडेदहा वाजता तत्त्वाचे भांडण काढणारा बाप मला शहाणा वाटत नाही. चाळीस प्रश्न झाले, छत्तीस बरोबर आले, तिची आई खूश झाली. दिवा मालवल्यावर पाचएक मिनिटांनी अंधारातून आवाज आला, "बाबा, तार ओढली की बारीक पण होते ना? म्हणून. लांबी दुप्पट आणि आडवा छेद निम्मा. ते मोटारवाले आजोबा म्हणाले तसं." मी म्हटले, "झोप आता." पण मला स्वतःला बराच वेळ झोप आली नाही.

अंबरनाथचे शिवमंदिर तुम्ही पाहिले नसेल तर या सुटीत जरूर पाहा. वालधुनीच्या काठी, शिलाहारांच्या काळात बांधलेले. तिथल्या शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे १०६० साल. गर्भगृहात पायऱ्या उतरून खाली जावे लागते, आणि आत ऐन उन्हाळ्यातही गारवा असतो. भोवती आता वस्ती दाटली आहे आणि नदीची जी दशा आहे तिच्याविषयी सणाच्या अंकात न लिहिलेले बरे. पण मंडपात उभे राहून मान वर केली, की हे सगळे विसरायला होते. चार खांबांवर कोरीव घुमट. दगडांचे एकात एक गोल थर, प्रत्येक वरचा थर खालच्याहून थोडा पुढे सरकलेला. एका रविवारी मुलांना घेऊन गेलो होतो. धाकटा वर पाहत म्हणाला, "हे डोक्यावर का पडत नाही?" थोरली हातातल्या चिठ्ठीवरची सूत्रे वाचत खांबाला टेकली होती.

घरी आल्यावर मी त्याला टेबलाच्या कडेशी पुस्तके रचायला सांगितली. पुस्तकांवर पुस्तके अशी रचायची, की सगळ्यांत वरचे पुस्तक टेबलाच्या पार बाहेर, अधांतरी राहील. चिकटवायचे नाही, बांधायचे नाही. सारख्या आकाराची पुस्तके हवीत. ती आमच्या घरात एकाच ठिकाणी होती. थोरलीच्या क्लासचे जाडजूड खंड, प्रत्येक चोवीस सेंटिमीटर लांब. त्याने खालून सुरुवात केली. दोन ठीक राहिली, तिसरे ठेवताच सगळे धडाधड पायावर. पुन्हा. पुन्हा तेच. आवाजाने थोरली बाहेर आली. रागावून आली होती, कारण तिचा सरावाचा पेपर लावलेला होता आणि तिची पुस्तके जमिनीवर पडत होती. दोन मिनिटे पाहत उभी राहिली. मग खाली बसली.

"खालून नाही रे. वरून विचार कर," ती म्हणाली. "सगळ्यांत वरचं पुस्तक दुसऱ्यावर किती बाहेर जाऊ शकेल? निम्मं. मग ती दोन मिळून एकच पुस्तक समज. त्यांचा मध्य कुठे आला?"

मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरले. वाचत नव्हतो. कागदावर आकडे पडू लागले: पहिले निम्मे, म्हणजे बारा सेंटिमीटर. मग चौथा हिस्सा, सहा. मग सहावा, चार. मग आठवा, तीन. बेरीज पंचवीस, म्हणजे चार पुस्तकांत वरचे पुस्तक एक सेंटिमीटरने पार बाहेर. "चारांत होतं!" ती ओरडली. कागदावर होत होते, हातात होईना. एका सेंटिमीटराच्या भरवशावर पुस्तके उभी राहत नाहीत, फुंकरीने पडतात. मग तिने पाचवे घेतले. दहावा हिस्सा, आणखी जवळजवळ अडीच सेंटिमीटर. आता जागा झाली. भावाने श्वास रोखून पट्टी धरली आणि पाच पुस्तकांचा तो जिना टेबलाबाहेर झुकून उभा राहिला. सौ. शिवणाची टेप घेऊन आल्या. सबंध पुस्तक टेबलाच्या कडेपलीकडे, वर दोन सेंटिमीटर मोकळी हवा. अंबरनाथच्या त्या कारागिरांकडे टेकू द्यायला मागे दगडांचा भार होता, आमच्याकडे तोही नाही.

"किती वाजले?" सौ. म्हणाल्या. सत्तर मिनिटे गेली होती. सत्तर मिनिटे म्हणजे चौपन्न सेकंदांचे सत्याहत्तर प्रश्न. हिशेब तपासणाऱ्या बाईंनी तो तिथल्या तिथे करून दाखवला, आणि तो बरोबर होता. एका-एका मार्कावर हजारो मुलांची रांग उभी असताना ही पोर पुस्तके रचत बसली, यात त्यांना काळजी वाटली तर मी त्यांना काय उत्तर देणार?

त्यानंतर आठवड्याभराने थोरलीने जेवताना विचारले, "बाबा, मी इंजिनीअरिंगऐवजी फिजिक्स घेतलं तर?"

या प्रश्नाची वाट पदार्थविज्ञानाचा कोणता प्राध्यापक पाहत नसेल! मला आनंद झाला. आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ, घास हातात असतानाच, भीती आली. माझ्या खात्यात माझ्याहून हुशार मुले-मुली तासिका तत्त्वावर शिकवतात. तास घेतला तर पैसे, सुटी पडली तर नाही. त्यांच्यातल्या काहींची लग्ने त्यापायी थांबली आहेत. त्यातले एक दोन जण मीच 'फिजिक्स घे, तुला गती आहे' म्हणून पाठ थोपटलेले. दुसऱ्याच्या मुलाला सांगताना जीभ अडखळत नाही.

म्हणून तिला दोन्ही बाजू मांडून दाखवल्या, तिच्या आईच्या वहीसारख्या. एका बाजूला हे तासिकांचे. दुसऱ्या बाजूला असे, की आमच्या वेळी नव्हत्या त्या वाटा आता आहेत. पुण्याला २००६ साली आयसर निघाली. कलिन्याला मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा खाते यांनी मिळून २००७ साली मूलभूत विज्ञानाचे केंद्र काढले. आमच्या गाडीने जाऊन येण्यासारखे. मानखुर्दला होमी भाभा केंद्र आहे, तिथून ऑलिंपियाडची मुले तयार होतात. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "तिथे प्रवेश कसा मिळतो?"

"परीक्षा असते."

"वेळ लावून?"

"वेळ लावून."

ती हसली. मग मीही हसलो. ट्रिका टाकून देता येत नाहीत, एवढे त्या रात्री दोघांनाही कळले. तेव्हापासून आमचा करार आहे: सोमवार ते शनिवार मी घड्याळ लावून प्रश्न वाचतो, ती पटापट उत्तरे देते आणि मी 'का' विचारत नाही. रविवारी दुपारी घड्याळ कपाटात. सौ.नी या कराराला संमती दिली आहे. फक्त रविवारची मुदत दोन तासांवर नको, ही त्यांची अट. फॉर्म भरायचे तेव्हा भरू. ती काय भरणार, ते तिने अजून सांगितलेले नाही आणि मी विचारलेले नाही.

गेल्या रविवारचा विषय धाकट्याने काढला. आकाशकंदील माळ्यावरून काढून गॅलरीत टांगला होता. आजी म्हणाली, की पूर्वी कंदिलाच्या झिरमिळ्या वारा नसला तरी हलत असत. हल्लीच्या मेल्या निपचित असतात. धाकट्याच्या मते आजीला तसे वाटते. थोरलीच्या मते आजीचे खरे असणार: पूर्वी आत साठ वॅटचा दिवा असायचा, तो तापायचा, तापलेली हवा वरून बाहेर जायची आणि खालून गार हवा ओढली जायची, आता आत नऊ वॅटचा एलईडी आहे, तो हवेला काय तापवणार! वाद तासभर चालला. शेवटी असे ठरले, की बोलण्यात अर्थ नाही, साठ वॅटचा जुना बल्ब आणून लावायचा, गॅलरीच्या खिडक्या बंद करायच्या आणि झिरमिळीला पट्टी लावून बघायचे. असला बल्ब आता मिळायचा कुठे? थोरली म्हणाली, मोटारवाल्या आजोबांकडे नक्की असेल. तेव्हा येत्या रविवारी उल्हासनगर. सौ. म्हणाल्या, जातच आहात तर चकलीचा सोऱ्याही दुरुस्त करून आणा, त्याचा दांडा फिरत नाही.